सिनेमा लागतो तेव्हा

मराठीत सिनेमा 'लागतो'. अमुक टॉकीजला तमुक सिनेमा लागला आहे, असे आपण म्हणतो. आणि काही आठवड्यांनी तो 'उतरतो'. या वाक्यांचा कर्ता सिनेमाच असतो. तो कोणी लावला, कोणी उतरवला, याची बोलणाऱ्याला फिकीर नसते. मृग लागावा तसा तो लागतो. पाहणाऱ्याने फक्त त्याच्याकडे जायचे. म्हणून आपण कीर्तनाला जातो, नाटकाला जातो, तसे सिनेमाला जातो. घरी मात्र आपण सिनेमा 'लावतो'. रात्रीची ताटे वाढताना कोणीतरी 'लाव ना काहीतरी' म्हणते आणि कोणीतरी रिमोट उचलते. 'लागणे'चे 'लावणे' झाले, अकर्मकाचे सकर्मक झाले, की सगळी व्यवस्था पालटते: सिनेमा कर्म होतो आणि आपण कर्ते. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे असल्या फरकांशी थबकणे ही आमची व्यावसायिक खोडच आहे. पण अलीकडे पुन्हा चित्रपटगृहात जाऊ लागल्यापासून हा फरक व्याकरणाच्या तासापुरता उरलेला नाही.

घरी सिनेमा लावण्याचे ऋण मोठे आहे, हे आधीच नोंदवले पाहिजे. मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद झाली. मध्ये काही महिने उघडून ती पुन्हा मिटली आणि महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निम्म्या आसनांनिशी पुन्हा सुरू झाली. त्या काळात, आणि त्यानंतरही, ज्यांच्याविषयी आम्ही केवळ वाचले होते असे कितीतरी चित्रपट घरबसल्या पाहायला मिळाले. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या, जवळपास एकही चित्रपटगृह नसलेल्या विद्यार्थ्याला तर हातातल्या मोबाइलवाचून दुसरा पडदाच नसतो. त्या इवल्या पडद्यावर इराणी आणि जपानी चित्रपट पाहून वर्गात त्यावर तावातावाने बोलणारी मुले आम्हांला भेटली आहेत. तेव्हा घरच्या पडद्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही.

तरीही घरी पाहण्याची एक रीत असते आणि ती चित्रपटाला आपल्या मापात कापते. यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) आम्ही घरी पाहिला. म्हातारे आई-वडील दूरच्या गावाहून मुलांकडे येतात आणि मुलांना त्यांच्यासाठी सवड नसते, अशी ती गोष्ट. ती आम्ही चार संध्याकाळी मिळून, सवड सापडेल तशी पाहिली. कुकरची शिट्टी, दारावरचा कुरिअरवाला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, फोनवरचे निरोप या सर्वांना त्या चित्रपटाने बिनतक्रार वाट दिली. घरचा सिनेमा फार आज्ञाधारक असतो. थांब म्हटले की थांबतो, मागे ये म्हटले की येतो, कंटाळा आला तर दीडपट वेगाने धावतो. अशा नम्र पाहुण्याकडून आपल्याला धक्का बसण्याची शक्यता कमीच.

चित्रपटगृहाकडे आमची पावले पुन्हा वळली ती २०२५ च्या मार्चमध्ये, जयंत दिगंबर सोमलकर यांच्या 'स्थळ' या चित्रपटासाठी. वर्गातल्या दोन मुली पाहून आल्या होत्या आणि 'लवकर जा, उतरेल' एवढेच त्यांनी सांगितले होते. विदर्भातल्या एका खेड्यातली, बी.ए. करणारी सविता ही या चित्रपटाची नायिका. तिला पाहायला एकामागून एक स्थळे येतात. आरंभी मात्र सगळे उलटे दिसते: मुलगा स्टुलावर बसला आहे आणि प्रश्न विचारणाऱ्या बायका आहेत. ते दृश्य सुरू होताच चित्रपटगृहात हशा पिकला, आम्हीही हसलो. मग ते स्वप्न संपते आणि खरे कार्यक्रम सुरू होतात. पाहुणे पुरुष ओळीने बसलेले, मुलगी समोर, आणि दर खेपेला तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची, आवड. पहिल्या खऱ्या कार्यक्रमालाही थोडे हसू उमटले. दुसऱ्या वेळी ते चाचरत आले. त्यानंतर आलेच नाही. कोणी कोणाला खूण केली नव्हती. तरी एकमेकांना अनोळखी असलेल्या त्या सगळ्यांनी हसणे जवळपास एकाच वेळी थांबवले.

आमच्यापैकी एकीच्या शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीच्या एक बाई एकट्याच आल्या होत्या. पुढच्या एका कार्यक्रमात पडद्यावरून उंचीचा प्रश्न आला आणि सविता उत्तर देण्याच्या आत त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, 'पाच फूट एक.' आवडीचा प्रश्न आला, तेव्हा म्हणाल्या, 'भरतकाम.' आवाज इतका हलका होता, की तो आपल्याला ऐकू जातो आहे याची त्यांनाही कल्पना नसावी. मध्यंतरात त्यांनी पर्समधून हळूच चिक्कीची पुडी काढून आमच्यापुढे धरली आणि चित्रपटाविषयी अवाक्षर न काढता म्हणाल्या, 'घ्या, घरची आहे.' उत्तरार्धात त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही मात्र पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न आता दोघींना विचारला जाताना ऐकत होतो.

त्या दुपारनंतर आम्हांला आठवत राहिला तो 'सामाजिक' हा शब्द. एम.ए.च्या साहित्यशास्त्राच्या अभ्यासात तो आपल्याला भेटतो. ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्र'सारख्या ग्रंथांतून तो आपण टिपून घेतो, पुढे विद्यार्थ्यांना टिपून घ्यायला लावतो. नाट्य पाहणाऱ्याला संस्कृत साहित्यशास्त्राने 'सामाजिक' म्हटले. आजच्या मराठीत या शब्दाला प्रश्न, बांधिलकी, कार्यकर्ता अशी विशेष्ये चिकटली आहेत; पण तेथे तो नुसता पाहणारा आहे, समाजात बसून पाहणारा. अभिनवगुप्ताने तर सगळ्या सामाजिकांची प्रतीती एकवटून घन होते आणि त्यामुळे रसाची पुष्टी होते, असे मांडले आहे. म्हणजे शेजारी कोणी असणे ही त्याच्या लेखी सोय-गैरसोयीची बाब नाही. ती आस्वादाच्या घडणीतच आहे.

त्यानेच सांगितलेली रसास्वादातली सात विघ्नेही आपण परीक्षेपुरती पाठ करतो. त्यांतले एक विघ्न म्हणजे स्वतःच्या सुखदुःखांनी विवश होऊन जाणे. घरची चिंता डोक्यात घेऊन आलेल्याचे मन नाट्यात कसे रमेल, असा तो प्रश्न आहे. आणि गीत, वाद्ये, सजवलेला मंडप यांचे काम प्रेक्षकाला त्या विवशतेतून सोडवणे हे आहे. चित्रपटगृहातला काळोख, प्रचंड पडदा, चहूकडून येणारा आवाज, मिटलेली दारे यांच्याकडे आता आम्हांला याच नजरेने पाहावेसे वाटते. घरी सिनेमा लावतो तेव्हा विघ्ने घरातच वस्तीला असतात. चित्रपटगृहात ती बाहेर ठेवून यावी लागतात. निदान तसा प्रयत्न तरी होतो.

मग 'पाच फूट एक' म्हणणाऱ्या त्या बाईंचे काय? त्या स्वतःच्या दुःखाने विवश झाल्या होत्या, म्हणजे त्यांच्या आस्वादात विघ्न आले, असे म्हणायचे का? आम्ही परतीच्या वाटेवर यावर बराच वेळ वाद घातला. एकाचे म्हणणे असे, की त्या चित्रपटातून बाहेर पडून स्वतःच्या आयुष्यात गेल्या. दुसरीचे म्हणणे असे, की त्या स्वतःच्या आयुष्यातून बाहेर पडून सवितेशेजारी जाऊन बसल्या. कधीकाळी एकटीने दिलेले उत्तर त्यांनी या वेळी एकटीने दिले नाही. साधारणीकरणाची व्याख्या आम्हांला दोघांनाही येते. तिचा अर्थ मात्र त्या रिक्षात प्रथमच भांडणाचा विषय झाला.

या वादामुळे दहा-अकरा वर्षांपूर्वीचा एक अनुभव वर आला. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा आम्ही तो पुण्यातल्या एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात पाहिला. जब्या आणि त्याचे कुटुंब गावातले डुक्कर पकडायला धावत आहेत, शाळेतली मुले त्यांची मजा पाहत आहेत, डुक्कर अगदी हाताशी येते आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, मागोमाग घरचेही थांबतात. डुक्कर मात्र निघून जाते. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत खेळाआधी राष्ट्रगीत लावण्याची पद्धत २००३ पासून होती; त्या दिवशीही आम्ही सारे आरंभी उभे राहून मग बसलो होतो. पडद्यावर ते सूर पुन्हा उमटताच पुढच्या रांगांतली काही माणसे अर्धवट उठली. कोणी खुर्चीच्या हातावर भार देऊन अधांतरी थांबले, कोणी शेजाऱ्याकडे पाहून पुन्हा टेकले. उभे राहायचे की नाही, हा जब्याचा पेच काही क्षण प्रेक्षकांच्या गुडघ्यांत उतरला होता. ज्या कुटुंबाला गाव माणसांत धरत नाही, ते राष्ट्राच्या सन्मानासाठी हातची शिकार सोडून उभे आहे. आणि आम्ही मऊ खुर्च्यांवर बसून उठण्याचा विचार करत आहोत.

पुढे हाच प्रसंग आम्ही वर्गात प्रोजेक्टरवर दाखवला. चर्चा उत्तम झाली. मुलांनी विरोधलय, उपरोध, प्रतीक असे सगळे नेमके शब्द वापरले. पण कोणाचे गुडघे हलले नाहीत, कारण त्या वर्गात आधी कोणी उभे राहिले नव्हते. दृश्य तेच होते. ज्यात ते रुजायचे, तो जमाव तेथे नव्हता. शेवटी जब्या जो दगड भिरकावतो, तो सरळ पडद्याबाहेर, पाहणाऱ्यांच्या दिशेने येतो आणि काळोख होतो. वर्गात तो आम्ही 'प्रेक्षकाला आरोपी करणारा शेवट' म्हणून शिकवला. चित्रपटगृहात तो लागला. 'लागणे' या क्रियापदाला मराठीत ठेच, दगड आणि शब्द हेही कर्ते चालतात.

येथे कोणी आक्षेप घेईल, की अशा चित्रपटाच्या संदर्भात आस्वाद, रस, आनंद हे शब्द वापरणेच अयोग्य आहे. आक्षेप वजनदार आहे. दलित साहित्याच्या समीक्षेने तो मराठीत केव्हाच ठामपणे मांडला. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथाचा तो गाभाच आहे. वेदनेच्या लेखनाकडून आनंदाची अपेक्षा का करावी, हा प्रश्न अभिनवगुप्ताचा हवाला देऊन मिटत नाही. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे, की चित्रपटगृहात मिळतो त्याला आनंद म्हणायचे असेल, तर तो मन निवण्याचा आनंद नव्हे. अस्वस्थ होताना आपण एकटे नाही, आणि त्या अस्वस्थतेतून सुटायला हाताशी रिमोटही नाही, या दोन गोष्टींची जाणीव त्यात असते. घरी दगड येताना दिसला की बोट आपोआप बटणाकडे जाऊ शकते. तेथे तो येऊ द्यावा लागतो.

मंजुळे यांच्याच 'सैराट'च्या वेळी, २०१६ च्या उन्हाळ्यात, प्रेक्षागृहाचे दुसरे टोक पाहायला मिळाले. 'झिंगाट' सुरू झाले आणि पोरे खुर्च्यांतून उठून पडद्यासमोर नाचू लागली. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी हातरुमाल उडवले. हा सगळा असंस्कृत गोंधळ आहे, असे मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुटपुटले. त्यांना नाट्यशास्त्रातल्या सिद्धींच्या अध्यायाची आठवण करून द्यावी, असा मोह आम्हांला झाला. प्रयोग सिद्धीस गेला हे कशावरून ओळखावे, ते सांगताना भरताने मानुषी सिद्धीत स्मितापासून मोठ्या हशापर्यंत, वाहवाहीच्या उद्गारांपासून आसनावरून उठण्यापर्यंत आणि अंगावरची वस्त्रे देऊन टाकण्यापर्यंत प्रेक्षकांच्या सगळ्या प्रतिक्रिया नोंदवल्या आहेत. हातरुमाल उडवणारी पोरे शास्त्राला सोडून काही करत नव्हती.

पण भरताने दुसरी, दैवी सिद्धीही सांगितली आहे. तिची लक्षणे उलटी: आवाज नाही, क्षोभ नाही, आणि रंगमंडप पूर्ण भरलेला. 'सैराट'च्या शेवटी ते लहान मूल रक्ताची पावले उमटवत दाराबाहेर जाते आणि चित्रपटातला आवाज नाहीसा होतो. दोन तासांपूर्वी नाचलेली तीच पोरे आता आपापल्या खुर्च्यांत होती. श्रेयनामावली सुरू होऊनही कोणी उठेना. गच्च भरलेल्या प्रेक्षागृहात पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. शेकडो माणसांनी मिळून गप्प राहणे आणि एका माणसाने खोलीत गप्प असणे यांत केवळ संख्येचा फरक नाही, हे तेव्हा कळले. एकट्याची शांतता आपोआप होते. शेकडोंची शांतता प्रत्येकाला धरून ठेवावी लागते. एक खाकरला तरी ती मोडते.

सामाजिक असण्याचा आणखी एक अर्थ आम्हांला आमच्या आयांनी शिकवला होता. १९९१ साली 'माहेरची साडी' लागला, तेव्हा आम्ही शाळकरी पोरे होतो. गल्लीतल्या बायका दुपारची कामे आटोपून घोळक्याने निघत आणि आम्हांला सोबत नेत. चित्रपटगृहात सगळ्यांचे पदर डोळ्यांना. पुढे त्या चित्रपटाची 'रडका' म्हणून बरीच थट्टा झाली, आणि कलाकृती म्हणून त्याचा कैवार घेण्याची आमची इच्छा नाही. पण आज विचार करताना जाणवते, की त्या बायकांना घरी रडण्याची सोय नव्हती. घरी रडले की 'काय झाले?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. त्या काळोखात कोणी कोणाला काही विचारत नव्हते. २०२३ च्या पावसाळ्यात 'बाईपण भारी देवा' लागला आणि बायकांचे घोळके पुन्हा चित्रपटगृहांकडे निघाले. या वेळी नऊवार साड्या, गजरे, एकत्र काढलेली छायाचित्रे असा थाट होता. रडण्याबरोबर हसणे होते, शेजारणीला टाळी देणे होते. बत्तीस वर्षांत चित्रपट बदलला, बायकाही बदलल्या. अनोळखी बायांच्या सोबतीत तासाभराची मोकळीक शोधण्याची गरज मात्र शाबूत आहे. समीक्षेच्या मोजपट्टीत हे दोन्ही चित्रपट कोठे बसतात, हा वेगळा प्रश्न. त्यांनी जमवलेल्या प्रेक्षकांकडे मात्र समीक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे वाटते.

अर्थात चित्रपटगृह हे काही समतेचे मंदिर नव्हे. बाल्कनी आणि स्टॉल यांची विभागणी पूर्वीपासून आहेच. आता तिकिटाच्या दरानेच कोणी आत यायचे ते ठरते. चौघांच्या कुटुंबाने बहुपडदा चित्रपटगृहात जाऊन मध्यंतरात काही खाल्ले, तर महिन्याच्या किराण्याला चिमटा बसतो. मराठी चित्रपटांना खेळ मिळण्याचे दुखणे तर जुनेच आहे. २०१५ साली राज्य शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांत प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली, त्यावर मोठा वाद झाला आणि पुढे त्या वेळेची व्याप्ती दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत वाढवण्यात आली. प्रश्न सुटला, असे मात्र कोणी म्हणत नाही.

'स्थळ'च्या त्या दुपारच्या खेळाला आम्ही सारे मिळून एकोणीस जण होतो. दैवी सिद्धीसाठी भरलेला मंडप लागतो. आमच्याभोवती रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. एकोणीस माणसांचे हसूही एकदम थांबू शकते, हे आम्ही पाहिले. पण ती नऊ झाली, चार झाली, तर खेळच रद्द होतो. असे खेळ रद्द झालेलेही आम्ही पाहिले आहेत. घरात लावलेला सिनेमा कोणी न पाहिला तरी यादीत पडून राहतो, वर्षभराने सापडतो. लागलेल्या सिनेमाला माणसे नाहीत म्हटल्यावर तो उतरतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा सामाजिकही उतरतो. मग 'पाच फूट एक' हे उत्तर शेजारच्या खुर्चीवरून कोणाला ऐकू जाणार नाही.

म्हणून यंदा 'साहित्य आणि चित्रपट' हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही एक तास चित्रपटगृहात हलवला. सकाळच्या खेळाचे तिकीट स्वस्त असते. ज्यांना तेही जड होते, त्यांची वर्गणी इतरांनी न बोलता भरली. तिघा-चौघांची चित्रपटगृहात जाण्याची पहिलीच वेळ होती. काळोख होण्याआधी त्यांतल्या एकीने विचारले, 'मॅडम, मध्येच उठून गेलेलं चालतं का?' चालते, असे आम्ही सांगितले. ती गेली नाही. चित्रपट सर्वांना आवडला असेही नाही. परतताना बसमध्ये दोन तट पडले आणि पुढचे तीन तास वर्गात ते भांडण पुरले.

आता दर शुक्रवारी सकाळी प्राध्यापक कक्षात चहाच्या वेळी वर्तमानपत्राचे ते पान उघडले जाते आणि कोणीतरी विचारते, 'काय लागलंय?' उत्तर मराठी असेल तर आम्ही पहिल्याच आठवड्यात जातो. दुसऱ्या आठवड्याचा भरवसा नसतो.